तिऱ्हाईत थळ

‘न्यायालयाचं दार ठोठावणं’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की त्यातल्या दाराकडे आता कुणाचं लक्ष जात नाही. लॅटिनमधल्या ‘फोरम’चंही तेच झालं आहे. रोममध्ये फोरम म्हणजे भर वस्तीतली मोकळी जागा. तिथं बाजार भरे, भाषणं होत आणि न्यायदानही चाले. शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘दाराबाहेरची जागा’ असा सांगतात. ‘फोरेस’ म्हणजे दार आणि ‘फोरिस’ म्हणजे दाराबाहेर. भाषाशास्त्रज्ञ हे शब्द आणि संस्कृत ‘द्वार’ एकाच मुळापासूनचे मानतात. आपलं ‘दार’, फारसी ‘दर’ आणि त्यातून आलेले ‘दरवाजा’ नि ‘दरबार’, इंग्रजी ‘डोअर’ आणि रोमचा ‘फोरम’ ही सगळी एकाच गोतातली मंडळी.

त्याच ‘फोरिस’पासून आणखी एक शब्द निघाला, तो म्हणजे ‘फॉरेन’. जो दाराबाहेरचा तो परका. न्यायाची जागा आणि परका माणूस यांची नावं एकाच उंबऱ्यावरून निघाली आहेत. एका देशातल्या माणसाला दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या कारभारामुळे इजा झाली, तर त्यानं दाद कुठं मागायची, हा प्रश्न ज्या खटल्यांत लढला गेला, तिथं हे दोन सख्खे शब्द एकमेकांसमोर उभे राहिलेले दिसतात.

हा प्रश्न आपल्याकडे रोज विचारला जातो, फक्त अंतर लहान असतं. अपघात दोन पोलीस ठाण्यांच्या सीमेवर झाला की पहिला सवाल ‘हद्द कुणाची?’ पंचनामा त्यानंतर. माणूस रस्त्यावर पडलेला असताना चाललेला हा वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘झिरो एफआयआर’चं मोल सांगावं लागत नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार आधी नोंदवायची आणि मग ज्या त्या ठाण्याकडे पाठवायची, ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये आली. ‘हद्द’ हा शब्द अरबी. अर्थ कड, सीमा, मर्यादा. मराठीनं त्याचा ‘हद्दपार’ केला आणि संताप अनावर झाला की ‘हद्द झाली’ असंही म्हणायला घेतलं.

कायद्याच्या मराठीत ‘हद्द’ऐवजी ‘अधिकारक्षेत्र’ बसवला गेला. शब्द जड आहे, पण पोकळ नाही. ‘अधिकार’ ही पाणिनीची एक पारिभाषिक संज्ञा आहे. जे सूत्र पुढच्या अनेक सूत्रांवर अंमल चालवतं आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंतच चालवतं, ते अधिकारसूत्र. अंमल किती दूरवर पोचतो आणि कुठं संपतो, हा विचार त्या शब्दात अडीच हजार वर्षं तरी आहे. ‘क्षेत्र’ तर आपलं ‘शेत’च. अधिकारक्षेत्र म्हणजे अधिकाराचं शेत. त्याला बांध आलाच. इंग्रजीतल्या ‘ज्युरिसडिक्शन’मध्ये जमीन कुठंच नाही. लॅटिनमध्ये ‘ज्यूरिस’ म्हणजे कायद्याचं आणि ‘डिक्टिओ’ म्हणजे बोलणं. कायदा काय आहे ते कोण उच्चारणार, एवढंच तो शब्द विचारतो. आपल्या शब्दामुळे आपण आधी नकाशा काढतो. माझ्या मते ही सवय आपल्याला महागात पडलेली आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत शरीराला किंवा जंगम मालमत्तेला झालेल्या नुकसानीसाठी कलम १९ आहे. त्याखाली दिलेलं उदाहरण वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकानं वाचलेलं असतं. ‘अ’ दिल्लीत राहतो आणि ‘ब’ला कलकत्त्यात मारतो, ‘ब’नं दावा कलकत्त्यात लावावा किंवा दिल्लीत, मर्जी त्याची. इजा जिथं झाली ती जागा, किंवा इजा करणारा जिथं राहतो ती जागा. निवड मार खाणाऱ्याची. किती स्वच्छ नियम आहे! अडचण एवढीच की दिल्ली आणि कलकत्ता एकाच सरकारच्या अमलाखाली आहेत. ‘अ’ जर कनेटिकट राज्यातल्या डॅनबरीत बसलेला असेल आणि ‘ब’ भोपाळच्या जयप्रकाशनगरात, तर हे कलम मुकं होतं.

भोपाळचं उदाहरण मी मुद्दाम घेतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री डॅनबरीत मुख्यालय असलेल्या युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि पहाटेपर्यंत शहराचा मोठा भाग त्यात सापडला. त्यानंतर न्यायाच्या जागेवरून जो झगडा झाला, त्यात आपल्या न्यायव्यवहाराचा जवळजवळ प्रत्येक शब्द पणाला लागलेला दिसतो.

पहिला ‘वकील’. अरबीत वकील म्हणजे ज्याच्या हाती आपलं काम विश्वासानं सोपवलं तो. पेशवाईच्या कागदांत वकील हा परदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा मुत्सद्दी असे. दिल्लीत, हैदराबादेत मराठ्यांचे वकील असत. कोर्टातला वकील हा अर्थ नंतर पक्का झाला. भोपाळमध्ये वायू ओसरून आठवडाही झाला नव्हता तोवर अमेरिकेतले वकील तिथं उतरले. वस्त्यांमधून इंग्रजीतले छापील कागद फिरले आणि ज्यांचे डोळे अजून उघडत नव्हते अशा माणसांचे अंगठे त्यांवर उठले. पहिला दावा ७ डिसेंबरला, म्हणजे पाचव्या दिवशी, वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयात दाखल झाला. ‘विश्वासानं सोपवणं’ हा वकालतीचा गाभा. ज्या कागदावर काय लिहिलं आहे ते वाचता येत नाही, त्यावर अंगठा उठवण्याला सोपवणं म्हणता येईल का, हे मला आजही उलगडलेलं नाही.

दुसरा शब्द ‘मायबाप’. अमेरिकेत असे सुमारे १४५ दावे जमले आणि १९८५ च्या फेब्रुवारीत ते न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे एकत्र केले गेले. मार्च १९८५ मध्ये भारतीय संसदेनं कायदा करून सर्व पीडितांच्या वतीनं दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला आणि ८ एप्रिलला भारत सरकार स्वतः वादी म्हणून न्यूयॉर्कच्या दारात उभं राहिलं. यामागचं तत्त्व लॅटिनमध्ये ‘पेरेन्स पॅट्रिए’ म्हणून ओळखलं जातं. शब्दशः ‘देशाचा पालक’. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. अर्जाच्या पहिल्या ओळीत ‘मायबाप सरकार’ लिहिणाऱ्या रयतेला हे तत्त्व पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पेशवाईतल्या अर्थानं सरकारच आता वकील झालं होतं, परदरबारी गेलेलं.

आणि मग तिथं जे घडलं ते वाचताना आजही मन खिन्न होतं. भारत सरकारनं सांगितलं की भारतातली न्यायालयं हा दावा पेलू शकणार नाहीत. विलंब फार, अशा नुकसानीच्या दाव्यांचा अनुभव थोडा, साधनं तोकडी. भारतीय कायद्याचे अभ्यासक मार्क गॅलन्टर यांचं प्रतिज्ञापत्र त्यासाठी दिलं गेलं. युनियन कार्बाइडनं सांगितलं की भारतीय न्यायालयं पूर्ण समर्थ आहेत. कंपनीच्या बाजूनं प्रतिज्ञापत्र होतं मुंबईचे ख्यातनाम विधिज्ञ नानी पालखीवाला यांचं. घरचा मालक आपलं घर राहण्याजोगं नाही म्हणत होता आणि परका त्या घराची वाखाणणी करत होता. पालखीवालांचा भारतीय न्यायसंस्थेवरचा विश्वास खरा होता, त्याबद्दल शंका घेऊ नये. पण प्रतिज्ञापत्र कुणाच्या पारड्यात पडलं, हेही नजरेआड करता येत नाही.

१२ मे १९८६ ला कीनन यांनी निकाल दिला आणि दावे भारतात पाठवले. कारणं सविस्तर दिली. कारखाना भारतात, तो चालवणारे भारतीय, बहुतेक साक्षीदार आणि कागदपत्रं भारतात, अनेक साक्षीदारांना इंग्रजी येत नाही, स्थळपाहणी करायची तर तिथंच करावी लागणार. भारतीय न्यायसंस्थेला जगासमोर ताठ मानेनं उभं राहण्याची संधी नाकारणं म्हणजे साम्राज्यशाहीची पुनरावृत्ती होईल, अशा आशयाचं विधानही त्यात आहे. ज्या तत्त्वावर हा निकाल उभा होता त्याचं नाव ‘फोरम नॉन कन्व्हीनियन्स’.

या नावाशी मला जरा रेंगाळायचं आहे, कारण घोटाळा इथंच आहे. इंग्रजी येणारा कुणीही ‘कन्व्हीनियन्स’ ऐकला की ‘सोय’ म्हणेल. मराठीत कुणी ‘गैरसोयीचं न्यायालय’ असा तर्जुमाही करील. पण लॅटिन ‘कन्व्हेनिएन्स’ सोयीचा नाही. ‘कोन’ म्हणजे एकत्र, ‘वेनीरे’ म्हणजे येणं. एकत्र येणारं, जुळणारं, शोभणारं, उचित. स्कॉटलंडच्या न्यायालयांत एकोणिसाव्या शतकात हे तत्त्व वाढलं तेव्हा तिथं विचारलं जाई ते हेच, की या वादाला ही जागा उचित आहे का. आधीचा प्रयोग तर ‘फोरम नॉन कॉम्पिटेन्स’ होता, म्हणजे अधिकारच नसलेली जागा. इंग्लंडमध्ये लॉर्ड गॉफ यांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये ‘स्पिलियाडा’ या जहाजाच्या खटल्यात बजावलं की हा शब्द नुसत्या सोयीच्या अर्थानं घेऊ नका, प्रश्न औचित्याचा आहे. योगायोगानं त्या जहाजात व्हँकुव्हरहून भारतीय बंदरांकडे निघालेलं गंधक होतं.

अमेरिकेत हे तत्त्व १९४७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पक्कं झालं, पण त्याला धार आली १९८१ मध्ये. १९७६ च्या जुलैत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एक लहान पायपर विमान कोसळून त्यातले सहाही जण दगावले. सगळे स्कॉटिश. विमान पेनसिल्व्हेनियात बनलेलं, पंखा ओहायोत बनलेला. वारसांच्या वतीनं अमेरिकेत दावा लागला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो परत पाठवणं मान्य केलं. त्या निकालात एक गोष्ट स्पष्ट म्हटली आहे. वादीनं निवडलेल्या न्यायालयाला एरवी मोठा मान द्यायचा, पण वादी परदेशी असेल तर त्याच्या निवडीला तेवढं वजन नाही. तिथल्या माणसाला तिथलं न्यायालय उचित असण्याचा संभव जास्त, हे त्यामागचं कारण.

दाराबाहेरची जागा आणि दाराबाहेरचा माणूस, फोरम आणि फॉरेन, इथं आमनेसामने आले. तुम्ही परके आहात, म्हणून आमचं दार तुम्हाला उचित नसावं. कलम १९ मधल्या ‘ब’ला जी मर्जी दिली होती, ती सागर ओलांडल्यावर कमी वजनाची झाली. असं न्यायालय निवडण्याला इंग्रजीत ‘फोरम शॉपिंग’ म्हणून हिणवलं जातं. इंग्लंडचे लॉर्ड सायमन यांनी १९७३ मध्येच सुनावलं होतं की माणसाला निवडीची मुभा दिली तर तो आपली बाजू जिथं उत्तम मांडता येईल तीच जागा निवडणार, यात वावगं काय? मला हे म्हणणं पूर्णपणे पटतं. कंपनी कारखाना कुठं काढायचा ते मजुरी, कर, जमीन, नियम पाहून ठरवते. त्याला कुणी नावं ठेवत नाही. मग फुप्फुसं जळालेल्या माणसानं न्यायालय पाहून घेतलं तर त्यालाच बाजारू का म्हणायचं?

आता मराठीकडे येतो. जुन्या मराठी कागदांत न्यायाच्या जागेसाठी ‘थळ’ हा शब्द येतो. संस्कृत ‘स्थल’चं हे सरळ मराठी रूप, ‘थळकरी’ म्हणजे मूळचा जमीनधारक मिरासदार, तोही त्याच घरातला. मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर डॉ. वि. त्रिं. गुणे यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केला. त्यात गोतसभा, मजलस, महजर यांच्याबरोबर या थळाचीही चर्चा आहे. वाद प्रथम गावच्या गोतापुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासचे वतनदार बसत. पण एखाद्या पक्षाला वाटलं की हे गोत समोरच्याच्या दबावाखाली आहे, तर त्याला दुसरं थळ मागता येई. ‘परस्थळ’ हा त्यासाठीचा शब्द. जवळची जागा आणि निःपक्ष जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या व्यवहाराला नीट कळलेलं होतं. पुरावा जवळ असतो, भीडही जवळच असते.

या परस्थळाला हवा असे तो ‘तिऱ्हाईत’. मराठीतल्या सर्वांत शहाण्या शब्दांपैकी हा एक, असं मी बेधडक म्हणेन. दोघांच्या भांडणातला तिसरा तो तिऱ्हाईत. ‘त्रयस्थ’ हा त्याचा संस्कृत भाऊ. पण तिऱ्हाईत म्हणजे परकाही. ‘तिऱ्हाइतासमोर घरचं बोलू नये’ म्हणतो तेव्हा तो परका असतो. ‘तिऱ्हाइतानं निवाडा करावा’ म्हणतो तेव्हा तोच विश्वासाचा. परकेपणातच त्याची लायकी आहे. लॅटिननं परक्याला दाराबाहेर ठेवलं. मराठीनं त्याला पंचाच्या जागी बसवलं.

हा शब्द हातात घेऊन भोपाळकडे पाहिलं की १९८६ च्या निकालात कुणी न विचारलेला प्रश्न दिसतो. दोन्ही थळांपैकी तिऱ्हाईत कोणतं? न्यूयॉर्क नव्हे, कारण प्रतिवादी कंपनी अमेरिकेचीच. मग भारत? भोपाळचा कारखाना चालवणाऱ्या भारतीय कंपनीत युनियन कार्बाइडचा हिस्सा ५०.९ टक्के होता, आणि सरकारच्या ताब्यातल्या भारतीय वित्तसंस्थांकडे सुमारे २२ टक्के. कारखान्याला परवाना देणारं सरकार, तपासणी करणारं सरकार, भागीदार सरकार, आणि आता पीडितांचा वकीलही सरकार. तिऱ्हाईत थळ या वादाला कुठंच नव्हतं. अधिकारक्षेत्राचा नकाशा काढून हे कळत नाही. बांध कुठं आहे ते कळतं, बांधाच्या दोन्ही बाजूंना कुणाचे हात गुंतले आहेत ते नाही.

बृहस्पतिस्मृतीत न्यायसभेविषयी एक विचार आहे, तो इथं आठवतो. अरण्यात वावरणाऱ्यांसाठी सभा अरण्यात भरावी, सैनिकांसाठी छावणीत, व्यापाऱ्यांसाठी तांड्यात. माणसांनी सभेकडे जाण्याऐवजी सभेनंच माणसांकडे यावं. ‘महजर’ या शब्दात हीच दृष्टी आहे. महजर म्हणजे उपस्थितांच्या साक्षीनं झालेलं निवाडपत्र. अरबी धातू ‘हाजिर असणं’ या अर्थाचा; ‘हजर’, ‘हजेरी’, ‘हुजूर’ त्याचेच. खाली निशाण्या असत. पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी. तो कागद खरा ठरे तो माणसं तिथं हजर होती म्हणून. या बाजूनं पाहिलं तर कीनन यांचं पुष्कळसं म्हणणं मान्य करावं लागतं. भोपाळच्या बाईची साक्ष भोपाळमध्येच नीट होणार होती. पण तसं घडलं का? वाद भोपाळला आला, आणि त्या बाईला साक्षीला कुणी बोलावलंच नाही. पुढं त्याकडे येतोच.

त्याआधी ‘राजीनामा’. आज हा शब्द ऐकला की मंत्री डोळ्यासमोर येतो. मराठेशाहीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी निवाड्याआधीच लिहून दिलेली कबुली: या थळाचा निकाल आम्हाला मान्य असेल. ‘राजी’ म्हणजे खूश, कबूल. ‘नामा’ म्हणजे लेख. निवाड्यानंतर जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे आणि हरणाऱ्याकडून ‘यजितखत’, म्हणजे हार कबूल केल्याचा लेख, घेतलं जाई. आधी राजीनामा नसेल तर पुढचं सगळं लटकं.

कीनन यांनी दावे भारतात पाठवताना युनियन कार्बाइडकडून तीन अटी कबूल करून घेतल्या. भारतीय न्यायालयांचा अधिकार मान्य करायचा आणि मुदतीचा बचाव घ्यायचा नाही. भारतीय न्यायालय जो हुकूमनामा देईल त्याची पूर्तता करायची, मात्र तो उचित प्रक्रियेला धरून असावा. आणि कागदपत्रं उघड करण्याचे अमेरिकी नियम भारतातल्या दाव्यातही पाळायचे. हा अस्सल राजीनामाच होता. जानेवारी १९८७ मध्ये अपिली न्यायालयानं मूळ निर्णय कायम ठेवला आणि दुसरी नि तिसरी अट काढून टाकली. उरली ती पहिली. थळ कबूल, निवाडा पाळण्याचं लेखी वचन आणि कागद दाखवण्याचं बंधन दोन्ही गेलं. जुन्या काळचा कोणताही कारकून या अर्ध्या राजीनाम्यावर शिक्का उठवायला कचरला असता.

सप्टेंबर १९८६ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा लागला. भारत सरकारची मागणी ३ अब्ज डॉलरहून अधिक होती. १७ डिसेंबर १९८७ ला न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई फर्मावली. एप्रिल १९८८ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं ती २५० कोटींवर आणली. अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथं १४ फेब्रुवारी १९८९ ला सगळा वाद ४७ कोटी डॉलरवर मिटवला गेला. तडजोड झाली. जबाबदारी कुणाची, याचा दिवाणी निकाल साक्षीपुराव्यावर कधी लागलाच नाही, न्यूयॉर्कमध्येही नाही आणि भोपाळमध्येही नाही. उचित थळ कोणतं यावर दोन वर्षं कीस काढला, आणि थळ ठरल्यावर सभा भरलीच नाही.

यानंतर जग काही शिकलं का? थोडं. जुलै २००० मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं दक्षिण आफ्रिकेतल्या ॲस्बेस्टॉसच्या तीन हजारांहून अधिक पीडितांचे दावे ‘केप’ या कंपनीविरुद्ध लंडनमध्येच चालू दिले. इजा आफ्रिकेत, पुरावा आफ्रिकेत, तरीही. तिथं इतका मोठा दावा चालवायला त्यांना पैसा आणि वकील मिळणार नाहीत, म्हणून परत पाठवणं म्हणजे न्याय नाकारणं होईल, असं लॉर्ड्सनी म्हटलं. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं झांबियातल्या चिंगोला भागातल्या गावकऱ्यांना वेदांत कंपनीविरुद्ध हेच दार उघडं ठेवलं. तांब्याच्या खाणीतून पाणी आणि जमीन नासल्याची त्यांची तक्रार होती. भोपाळच्या वेळी भारतीय पीडित अमेरिकेच्या दारात होते. या वेळी दारात झांबियाचे शेतकरी होते आणि आत प्रतिवादी म्हणून भारतीय उद्योगपतीनं उभी केलेली कंपनी. भारतीय वाचकानं हे दोन्ही खटले शेजारी ठेवून वाचावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विमान अपघातांत तर करारानंच दारं मोजून दिली आहेत. १९९९ च्या माँट्रियल करारात पूर्वीच्या चार जागांत पाचवीची भर पडली. मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली असेल, तर प्रवाशाचं कायमचं वास्तव्य जिथं त्या देशातही दावा लावता येतो. विमान कंपनीची तिथं सेवा आणि कारभार असला पाहिजे, एवढंच. भारत २००९ मध्ये या करारात सामील झाला.

निकाल एका देशात आणि मालमत्ता दुसऱ्या देशात असेल तर पुढचा शब्द ‘दरखास्त’. महाराष्ट्रातल्या कोर्टांत हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी करतात ती दरखास्त. दावा जिंकूनही दरखास्तीत आयुष्य गेलेली माणसं प्रत्येक तालुक्याला असतात. परदेशी हुकूमनाम्यावर थेट दरखास्त करता येते ती भारत सरकारनं अधिसूचित केलेल्या देशांच्याच बाबतीत. ब्रिटन त्यात आहे, अमेरिका नाही. संयुक्त अरब अमिराती १७ जानेवारी २०२० पासून आहे. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांतली माणसं दुबई-अबुधाबीत कामाला आहेत, त्या घरांना ही तारीख ठाऊक असायला हवी.

राहिली ‘नुकसानभरपाई’. ‘नुकसान’ अरबी, अर्थ घट, उणेपणा. ‘भरपाई’ मात्र इथलीच, ‘भरणं’ आणि ‘पावणं’ यांची मिळून झालेली. जुन्या हिशेबात भरपाई म्हणजे पूर्ण रक्कम पोचल्याची पावतीसुद्धा. घेणाऱ्यानं ती लिहून द्यायची. ‘भरून पावलो’ हा आपला कृतार्थतेचा उद्गार त्याच व्यवहारातला. शब्द घेणाऱ्याच्या तोंडचा आहे, देणाऱ्याच्या नाही. १९८९ ला पीडितांच्या नावानं ही पावती सरकारनं लिहून दिली. पीडितांना विचारलं नव्हतं, आणि त्यांना आधी ऐकून घ्यायला हवं होतं हे सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षाच्या डिसेंबरात मान्यही केलं. तडजोडीत मृत्यू सुमारे ३,००० धरले होते. पुढं दावे तपासून भरपाई मंजूर झाली ती पाच हजारांवर मृत्यूंसाठी आणि एकूण साडेपाच लाखांहून अधिक लोकांना, रक्कम तीच.

केंद्र सरकारनं कंपनीकडून आणखी ७,८४४ कोटी रुपये मिळावेत म्हणून केलेली याचिका १४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं फेटाळली. भरपाई कमी पडली तर ती भरून काढणं ही सरकारचीच जबाबदारी होती, आणि १९९१ मध्ये सांगूनही पीडितांसाठी विमा उतरवला नाही ही सरकारचीच कसूर, असं त्या निकालात म्हटलं आहे. रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी रुपये उरलेल्या दाव्यांसाठी वापरावेत, असाही आदेश त्यातच आहे.